एचओ की एन? स्विंग ऐकत मॉडेल रेल्वे चालवणाऱ्यांसाठी

ग्लेन मिलर किंवा ड्यूक एलिंग्टन या स्विंगच्या, म्हणजे नाचऱ्या जॅझच्या, अमेरिकन बँडवाल्यांपैकी कुणी लावायचा आणि 1940 च्या आसपासची अमेरिकन गाडी रुळांवर सोडायची, एवढं मनाशी पक्कं झालं की प्रश्न उरतो मापाचा. एचओ घ्यायचं (1:87, म्हणजे खऱ्या गाडीच्या 87 पट लहान, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिमी) की एन (1:160, अंतर 9 मिमी)? बहुतेक जण जागा मोजून मोकळे होतात. माझं म्हणणं, कानांनाही विचारा.

जागेचं आधी उरकू. तेव्हाचा प्रवासी डबा साधारण 85 फुटी. एचओमध्ये तो पावणेबारा इंच भरतो, एनमध्ये जेमतेम साडेसहा. न्यूयॉर्क-शिकागो धावणारी दहा डब्यांची 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' एचओमध्ये इंजिनासकट दहा फुटांच्या वर जाते. तिच्या वळणाला 30 इंच त्रिज्या द्यावी, म्हणजे फळी पाच फुटांहून रुंद. एनमधली तीच गाडी दाराएवढ्या फळीवर फिरते, फक्त वळणावर डब्यांची टोकं जरा बाहेर डोकावतात.

आता आवाज. एचओच्या इंजिनात बऱ्यापैकी स्पीकर मावतो, वाफेचे हुंकार भरदार येतात. एनमध्ये जागाच नाही, त्यामुळे आवाज किरटा. मिलरच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट सॅक्सोफोनांच्या वरून सूर धरतो, आणि किरटा आवाज नेमका तिथेच टोचतो. म्हणून एन घेणार असाल तर बिनआवाजाचं इंजिन घ्या. पैसेही वाचतील.

बिनआवाजाच्या गाडीची खरी मजा एलिंग्टनच्या 1933 च्या 'डेब्रेक एक्स्प्रेस'वर कळते. ती अख्खी रचनाच गाडी आहे. सुरुवातीला वाद्यं जड पावलांनी निघतात, हळूहळू वेग धरतात, मध्येच शिट्टी घुमते. मी कंट्रोलरची मूठ त्याच चालीनं फिरवतो. चाकं जागची हलतात तेव्हा वाटतं, इंजिनाला जोर हा बँडच देतोय. तिथे डिकोडरचे, म्हणजे इंजिनातल्या आवाजाच्या चिपचे, हुंकार मध्ये आले तर सगळा विचका होतो.

एचओ जड, त्यामुळे खालचा प्लायवूड ढोलासारखा घुमतो आणि डबल बासचे सूर बुडतात. रुळांखाली कॉर्क अंथरायला विसरू नका.

संगीत एलपीवरच लावा. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची बाजू तीन मिनिटांत संपते, आणि गाडी ऐन वळणावर असताना उठायचं कुणी? एलपीची एक बाजू वीसेक मिनिटं तरी चालते.

स्वतंत्र खोली असेल तर एचओ घ्या, डिकोडरचा आवाज मात्र निम्म्यावर ठेवा. बेडरूममध्येच संसार आणि छंद दोन्ही असतील तर एन, बिनआवाजाचं. तरीही मन ठरत नसेल तर पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथे जाऊन छोट्या गाड्या चालताना आधी बघून या.