राजाचा वैमानिक की राजाचा एडीसी?

काल्पनिक राजघराण्यावर कादंबरी लिहायला घेतली आणि नायक हवाई दलातला ठरला, की लगेच प्रश्न येतो: त्याला कॉकपिटमध्ये बसवायचं, की एडीसी, म्हणजे राजाचा सतत सोबत राहणारा लष्करी सहायक, करून त्याच्या एक पाऊल मागे उभं करायचं?

वैमानिकाचं पारडं सुरुवातीला जड वाटतं. विमानात अखेरचा शब्द कॅप्टनचा, मागे साक्षात राजा बसलेला असला तरी. 1994 साली स्कॉटलंडमधल्या आयला बेटावर ब्रिटिश राजघराण्याचं बीएई 146 विमान उतरताना धावपट्टी संपून पुढे गेलं. विमान प्रिन्स चार्ल्स यांच्या हाती होतं, वारा पाठीमागून होता, वेग जास्त होता. ठपका मात्र कॅप्टनवर आला. हुकूम पाळायची सवय आणि 'नाही' म्हणायची जबाबदारी एकाच माणसात अशी भिडते, तेव्हा कथानक आपोआप उभं राहतं.

अडचण येते रोजच्या प्रसंगांत, आणि मला तीच नडली. दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही, असा नियम असतो. पाऊण तासाच्या प्रवासातून टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालणं), चढाई आणि उतरण वजा केली तर गप्पांना पंधरा-वीस मिनिटं उरतात, तीही शेजारी सहवैमानिक ऐकत असताना. उतरल्यावर राजा ताफ्यासह निघून जातो. वैमानिक इंधन, हवामान, ड्यूटीचे तास बघत मागे राहतो. नायकाला दिसते ती राजाची पाठ. मग लेखक धुकं पाडतो, इंजिन बिघडवतो. दोनदा खपतं, तिसऱ्यांदा वाचकाला युक्ती कळते.

एडीसीला निमित्त लागत नाही. न्याहारी, दौरे, आजारपण, घरातलं भांडण, सगळीकडे तो असतोच. पीटर टाउनसेंड हे दुसऱ्या महायुद्धातल्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधले लढाऊ वैमानिक. 1944 मध्ये ब्रिटनचा राजा सहाव्या जॉर्जकडे इक्वेरी, म्हणजे आपल्या भाषेत एडीसी, म्हणून तीन महिन्यांसाठी आले आणि दरबारातच राहिले. राजकन्या मार्गारेटशी प्रेम जुळलं, तेव्हा 1953 मध्ये त्यांना ब्रुसेल्सला धाडण्यात आलं. यातलं काहीच कॉकपिटमध्ये घडलं नसतं.

अख्खी कादंबरी बंडाच्या रात्रीच्या एका उड्डाणाची असेल, तर वैमानिकच घ्यावा. एरवी एडीसी बरा, असं मला वाटतं. फक्त त्याचं वैमानिक असणं विसरू नका. उतरताना वारा पाठीमागून आहे, वेग जास्त आहे, हे केबिनमध्ये बसून त्याला कळू द्या. पुढे जाऊन बोलायचा अधिकार मात्र देऊ नका.