पहिला मातीचा घोडेस्वार: शाडू, लाल माती की ऑइल क्ले?

घोड्यावर बसलेला माणूस मातीत करायचा असं मनात आलं की बहुतेकांचं लक्ष आधी चेहऱ्याकडे जातं, जिरेटोप कसा करू, घोड्याचे डोळे कसे करू, पण काम उभं राहतं की बसतं ते ठरतं चार बारीक पायांवर. म्हणून माती निवडताना एकच प्रश्न धरून ठेवा, ही माती पायात काय करणार? वाळताना आकसणार का, गरमीत मऊ पडणार का, आत तार ठेवू देणार का. गणपतीला जी माती उत्तम ती घोड्याला तितकी सोयीची असेलच असं नाही, कारण गणपती मांडी घालून बसलेला असतो, सगळं वजन खाली रुंद बैठकीवर. घोड्याचं उलटं, वर जड पोट, त्यावर माणूस, आणि खाली चार काड्या.

माती घ्यायच्या आधी साइज ठरवा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. खरा घोडा ४०० किलोचा धरला आणि दहाव्या हिश्श्याचा केला तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट कमी, म्हणजे आकारमान हजारपट कमी, साधारण ४०० मिली. जनावराचं अंग जवळपास पाण्याइतकंच जड, माती त्याच्या पावणेदोन-दोनपट, त्यामुळे घोडा पाऊण किलोच्या आसपास आणि स्वार शे-सव्वाशे ग्रॅम. पाठीपर्यंत उंची १५ सेंमी, स्वाराच्या डोक्यापर्यंत २२-२३. हाच घोडा दुप्पट उंचीचा केलात तर वजन आठपट होतं, म्हणजे सात किलो, आणि पायाच्या कापाचं क्षेत्रफळ मात्र चारपटच वाढतं. मोठा घोडा करायला सोपा पडेल असं वाटतं, हाताला जागा मिळते ते खरंही आहे, पण पायांवरचा भार तिथेच हाताबाहेर जातो. पहिल्यांदा १५ च्या वर जाऊ नका.

आता माती. मुंबईत सहज मिळणाऱ्या तीन. पहिली शाडू, गणपतीची, मुख्यत्वे गुजरातेतून येते, लालबाग-परळच्या कारखान्यांच्या आसपास सीझनला भरपूर असते. दुसरी लाल माती, भाजायची, त्यासाठी धारावीचा कुंभारवाडा आहेच. तिसरी ऑइल क्ले, तेल आणि मेण घातलेली, कधीच न वाळणारी, आर्ट मटेरियलच्या दुकानात नाहीतर ऑनलाइन. पॉलिमर क्ले (घरच्या ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणारी) आणि एअर ड्राय क्ले (हवेतच वाळून घट्ट होणारी) यांच्याबद्दल पुढे बोलतो, ती जरा वेगळी गंमत आहे.

पायांच्या बाबतीत तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घोड्याच्या गुडघ्याखालची नळी या साइजला जेमतेम ६ मिमी जाड येते. ऑइल क्लेमध्ये त्या ६ मिमीच्या आत २-३ मिमीची अॅल्युमिनियम तार आरामात बसते आणि कायमची राहते, माती आकसतच नाही त्यामुळे तारेशी भांडण नाही. मागचा पाय थोडा पुढे हवाय? तारेसकट वाकवा. मान जास्त लांब झाली? कापा, सरकवा, परत भरा, पुढच्या महिन्यात बसलात तरी माती तशीच. नवशिक्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण घोडा पहिल्या बैठकीत कुणाचाच बरोबर येत नाही, तो दुरुस्त करत करत येतो.

शाडूचं तसं नाही. पाण्याची माती वाळताना आकसते, तार आकसत नाही, मग माती तारेवर ताणली जाते आणि बरोबर पायाच्या बारीक भागात तडा जातो. यावर उपाय आहेत, शाडूत कागदाचा लगदा किंवा कापूस चांगला मळून घालायचा म्हणजे आकसणं कमी होतं आणि सुकल्यावर ताकद वाढते, तारेला आधी सुतळी गुंडाळायची म्हणजे माती धरून राहते, आणि पाय थोडे जाडच ठेवायचे. इतकं करून उभा राहतो घोडा, पण पायाला धक्का लागला की तुटणार ही तयारी ठेवा, शाडू भाजलेली नसते, कच्चीच असते. दुसरं म्हणजे शाडूला लाल मातीएवढा चिकटपणा नाही, त्यामुळे लांब बारीक वळी करून वाकवली की चिरा दिसायला लागतात, शेपूट आणि कान करताना हे लगेच कळतं.

लाल माती हाताला सगळ्यात गोड, जे सांगाल ते करते, पण भट्टीत जायची असेल तर आतली तार काढावीच लागते आणि पोट पोकळ करावं लागतं, कारण जाड गोळ्याच्या पोटात ओल राहिली तर तिची वाफ होते आणि भट्टीत वस्तू फुटते. म्हणजे तारेशिवाय, पोकळ पोटाचा, चार पायांवर उभा घोडा, हे पहिल्याच कामाला खूप आहे. जे लोक पिढ्यानपिढ्या भाजलेले घोडे करतात त्यांच्याकडे बघा, बंगालातल्या बांकुऱ्याच्या घोड्याचे पाय चाकावर केलेले पोकळ नळकांडे असतात, धड-मान वेगळी करून जोडतात, कान आणि शेपूट तर सुटेच, नंतर बसवायचे. त्यांनी खऱ्या घोड्याची नक्कल केलीच नाही, मातीला झेपेल असा घोडा शोधून काढला आणि तो इतका देखणा झाला. तुम्हाला असा जाड पायांचा, लोककलेतला घोडा आवडत असेल तर लाल मातीसारखं दुसरं काही नाही, बिनधास्त तीच घ्या. खऱ्यासारखा हवा असेल तर नको.

मग मुंबईची हवा. याचा विचार बाहेरचे व्हिडिओ बघून कुणी करत नाही. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवलेली ऑइल क्ले मऊ होते, पोट खाली येतं, पाय फाकतात, म्हणून मीडियम किंवा हार्ड ग्रेड घ्या, लहान मुलांची रंगीत मऊ क्ले नको. पावसाळ्यात मात्र तिला काहीच होत नाही. शाडूचं नेमकं उलट, जुलै-ऑगस्टमध्ये वाळता वाळत नाही, लगदा घातला असेल तर बुरशीचे ठिपके येतात, आणि ऑक्टोबर हीटमध्ये इतकी भरभर वाळते की पाय आधी सुकतात, पोट ओलंच आणि जोडावर तडा. तेव्हा पायांना ओलं फडकं आणि पूर्ण घोड्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि हळूहळू पिशवी उघडत न्यायची. लाल मातीलाही हेच लागू.

घरात करणार असाल, आणि बहुतेक जण वन-रूम-किचन नाहीतर वन बीएचकेमध्येच करणार, तर हेही बघा. शाडू किंवा लाल मातीचे हात बेसिनमध्ये धुवू नका, माती पाइपात बसते आणि मग प्लंबर. बादलीत धुवायचे, रात्रभर माती तळाला बसली की वरचं पाणी ओतायचं, खालची माती परत वापरायची. ऑइल क्ले पाण्याने जात नाही पण टेबलावर एक प्लायचा तुकडा टाकला की काम भागतं, अर्धवट काम कपाटावर ठेवता येतं. खर्चात शाडू आणि लाल माती स्वस्त, ऑइल क्ले किलोमागे बरीच महाग, पण एक-दीड किलोच लागते आणि तीच वर्षानुवर्षं परत वापरता येते.

ऑइल क्लेचा एकच मोठा तोटा, काम टिकत नाही. म्हणजे राहतं, पण कायम मऊच, धूळ धरते, कुणी बोट लावलं की खड्डा. टिकाऊ करायचं तर साचा काढून प्लास्टर किंवा फायबरमध्ये ओतायचं, आणि घोडेस्वाराचा साचा बऱ्याच तुकड्यांचा होतो, नवशिक्याचं ते काम नाही. कधीतरी सिलिकॉनचा साचा करायचा बेत असेल तर क्ले घेतानाच सल्फर-फ्री विचारून घ्या, सल्फर असलेल्या क्लेवर प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन नीट घट्ट होत नाही.

ज्यांना पहिलंच काम शोकेसमध्ये ठेवायचंय त्यांच्यासाठी पॉलिमर क्ले. ही घरच्या ओटीजीत, म्हणजे छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये, भाजता येते, पाकिटावर ११० ते १३० अंशांच्या मधलं काहीतरी तापमान लिहिलेलं असतं तेच पाळायचं, जास्त झालं तर करपते आणि तो धूर वाईट असतो, खिडकी उघडी ठेवा. तार आत राहिली तरी चालते, आकसणं नगण्य. महाग आहे म्हणून पोटात अॅल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून भरायची, वर अर्धा सेंटिमीटर क्ले. त्याने वजनही उतरतं, पायांना बरं. फक्त घोडा लहान करा, १०-१२ सेंमीचा, ओटीजीत स्वाराचं डोकं वरच्या कॉइलला लागता कामा नये. एअर ड्राय क्ले मी घोड्यासाठी सुचवणार नाही, आकसते शाडूसारखी आणि किंमत तिच्याहून कितीतरी जास्त.

तर शिकायचं असेल तर ऑइल क्ले, ठेवायचं असेल तर पॉलिमर, लोककलेचा घोडा हवा असेल तर लाल माती. शाडूचा नंबरही आहे, तो शेवटी सांगतो.

भट्टीत जाणारी लाल माती सोडली तर कुठलीही माती घ्या, पोटाला आधार द्या. हार्डवेअरच्या दुकानातून, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तर सगळंच मिळतं, एक लहान फ्लँज (नळी उभी बसवायची भोकांची चकती) आणि अर्ध्या इंचाची नळी घेऊन ती प्लायवर उभी स्क्रू करा आणि पाठकण्याची तार तिच्या वरच्या टोकाला बांधा, म्हणजे वजन नळीवर आणि पायाच्या तारा फक्त आकार धरतात. दिवाळीतल्या किल्ल्यावरचे घोडेस्वार आठवतात ना, बऱ्याच जणांच्या पायांमधली जागा भरलेली असते नाहीतर पोटाखाली टेकू असतो, तो याचसाठी. लाज वाटायचं कारण नाही, मोठमोठ्या पुतळ्यांनाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. स्पेनमध्ये माद्रिदला पिएत्रो ताका या शिल्पकाराने केलेला राजा चौथ्या फिलिपचा १६४० चा पुतळा आहे, घोडा दोन पायांवर उभा, त्याचं वजन कसं तोलायचं ते गॅलिलिओने सांगितलं असं म्हणतात, आणि तरी त्या घोड्याची शेपूट खाली टेकलेली आहे. तेव्हा पहिलाच घोडा उधळलेला नको. चौखूर धावणारा तर नकोच, त्यात एक क्षण चारही खूर जमिनीवरून सुटतात. चालणारा घोडा घ्या, चालताना दोन किंवा तीन पाय कायम जमिनीवर असतात, हालचालही दिसते आणि आधारही राहतो. पुढचा एक पाय उचललेला असेल तर खुराखाली दगड किंवा झुडूप करा. इटलीत पादुआला दोनातेल्लो या शिल्पकाराने गातामेलाता या सेनापतीचा पुतळा केलाय, त्यातल्या घोड्याने उचललेला पाय एका गोळ्यावर टेकवलाय, आणि तो ब्राँझचा आहे.

स्वाराचं एकच सांगतो, तो मोठा होतो. जवळपास सगळ्यांचा होतो, कारण आपलं प्रेम त्याच्यावर असतं. १५ सेंमीच्या घोड्यावर बसलेला माणूस बुडापासून डोक्यापर्यंत ९ सेंमीच्या आतच पाहिजे, पट्टी लावून बघा. आणि तो पाठीच्या मधोमध बसत नाही, मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या लगेच मागे, पाठ जिथे सगळ्यात खोल असते तिथे बसतो. घोड्याचं पोट रुंद असतं, मांड्या फाकलेल्या येतात, म्हणून स्वार वेगळा करून वर चिकटवू नका, घोड्याची पाठ पूर्ण झाली की त्याच्यावरच बसवून करा. कान, खांदा, कंबर, टाच एका उभ्या रेषेत आली की माणूस बसल्यासारखा दिसतो, नाहीतर खुर्चीवर ठेवल्यासारखा.

बघायला मुंबईत कमी नाही. काळा घोडा या भागात २०१७ पासून जो घोडा उभा आहे त्याच्यावर स्वार नाही, त्यामुळे पाठ, खांदा, मानेचं मूळ सगळं मोकळं दिसतं, शिकायला फार उपयोगी. ज्याच्यावरून त्या भागाचं नाव पडलं तो बोएम या शिल्पकाराने केलेला १८७९ चा पुतळा स्वारासकट राणीच्या बागेत आहे, १९६५ मध्ये हलवला तो. दोन्ही एकाच दिवशी बघून या. गेटवेसमोरचे महाराज आहेत, १९६१ चे, शिवाजी पार्कचे आहेत. आणि एक रविवार काढून मांडव्याच्या बोटीने अलिबागजवळच्या सासवण्याला जा, पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ शिवाजी ज्यांनी केला त्या विनायकराव करमरकरांचं घर आणि शिल्पालय तिथे आहे, काम किती जवळून बघता येतं ते तिथे गेल्यावर कळेल. जिवंत घोडा बघायचा तर माथेरान, घोडेवाल्याला विचारून पायाला हात लावून बघा, मागच्या पायातला तो उलटा वाटणारा सांधा म्हणजे त्याची टाच आहे हे हाताला कळलं की मग तो कधी चुकत नाही.

आता शाडू. पायांची भीती पूर्ण काढून टाकायची असेल तर उभा घोडाच करू नका, उठावाचं शिल्प करा, म्हणजे सपाट पाटीवर वर आलेलं चित्र. घरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक असेल तर काढून बघा, बोटभर पत्र्यावर घोडा, वर खंडोबा आणि म्हाळसा, सगळं बसवलंय आणि एकही पाय हवेत नाही. शाडूची २५ बाय २५ सेंमीची, दोन सेंमी जाडीची पाटी लाटा, घोडेस्वाराचं चित्र खिळ्याने कोरून घ्या, आणि त्याच्यावर माती चढवत जा, पोट सगळ्यात उंच, पलीकडचे पाय सगळ्यात सपाट. तार नको, आधार नको, ओटीजी नको, स्वस्तातलं काम आणि सुकल्यावर रंगवून भिंतीला टेकवता येतं. जिथे माती चढवाल तिथे आधी खाचा पाडून मातीचा पातळ घोळ लावा नाहीतर सुकल्यावर पापुद्रा सुटतो. आणि पाटी वाळायला लाकडावर सपाट ठेवू नका, जाळीवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागते, नाहीतर वरची बाजू आधी आकसते आणि पाटीच्या कडा वर उचलल्या जातात.