टर्बो आत्ता बदलायचा, की बसेपर्यंत चालवायचा?

गाडी दहा-बारा वर्षांची, रनिंग दीड लाखाच्या पुढे, आणि चढाला लागली की बोनेटखालून सायरनसारखी बारीक शिट्टी. तुमची गाडी इथवर आली असेल तर हे वाचा. माझी 2011 ची डिझेल हॅचबॅक आहे. राहतो चाळीसगावात, मुलगी संभाजीनगरला शिकते, त्यामुळे महिन्यातून तीन-चारदा कन्नडचा घाट चढावा लागतो. टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, काय करायचं या विचारात मी जवळजवळ वर्ष काढलं.

'चालतोय तोवर चालवू' म्हणणाऱ्यांचं खोडून काढता येत नाही. पिकअप गेला, काळा धूर आला म्हणजे टर्बोच गेला असं नसतं. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करतो तो) होज चिरतो, क्लिप सैल होते, फिल्टर तुंबतो. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याने रोजचं जाणं असेल तर फिल्टर काढून बघाच. माझ्या एका मित्राने टर्बोसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते, शेवटी निघाला फाटका व्हॅक्यूम पाइप. होजच्या आत ऑइलचा ओलावा दिसला म्हणूनही घाबरायला नको, इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेवढं येतंच. पंख्याला बोट लावल्यावर तो आजूबाजूला किंचित हलतो, तेही चालतं. टर्बोची शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते ती ऑइलच्या थरावर तरंगत, आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. मात्र शाफ्ट पुढे-मागे सरकलेली बोटाला कळली, किंवा पाती घराला, म्हणजे टर्बोच्या बाहेरच्या कवचाला, घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या, तर पुढे विचार करण्यासारखं काही राहत नाही.

माझी पाती घासत नव्हती. घाटात तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं, तेही मी चालवून घेतलं. चालवून घेता आला नाही तो डिकीतला ऑइलचा डबा.

गाडी हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल खायला लागली. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर, मग थांबायचा. दर रविवारी डिपस्टिक ओढायची, पुसायची, परत घालायची. घाटाच्या पायथ्याशी गाडी सावलीत लावायची, इंजिन थंड व्हायची वाट बघायची, पुन्हा तेच. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असताना घरातली माणसं गाडीत बसून आहेत आणि आपण बोनेट उघडून उभे, असं किती वेळा झालं. अमळनेरला लग्नाला निघालो तेव्हा डब्याचं झाकण सैल राहिलं आणि बायकोच्या शालूच्या काठाला तळहाताएवढा काळा डाग पडला. ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी तिने कपड्यांची बॅग मांडीवर घेतली, डिकीत ठेवूच दिली नाही. माझा निर्णय त्या दिवशी झाला.

मिस्तरींनी घाबरवलं ते वेगळंच. टर्बोतलं ऑइल अडवणारं सील पूर्ण गेलं की टर्बो इतकं ऑइल इंजिनात ढकलतो की डिझेल इंजिन त्या ऑइलवरच धावायला लागतं. चावी काढली तरी बंद होत नाही, रेस वाढतच जाते. तशी वेळ आली तर मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. क्वचित होतं म्हणतात. पण घाटात मुलगी शेजारी असताना ते 'क्वचित' मला पुरेना. मिस्तरी म्हणाले, "भाऊ, आते बदलीच टाक."

आता काय बदलायचं? नवा अख्खा टर्बो सर्वांत निर्धास्त, पण जुन्या गाडीच्या किमतीकडे पाहून हात आखडतो. भंगार बाजारातला जुना स्वस्त पडतो. तो कसा चालवला गेला हे कोणालाच माहीत नसतं, मी त्या वाटेला गेलो नाही. मी घर तेच ठेवून आतला कोअर (शाफ्ट, पाती आणि बेअरिंगचा संच) बदलला, बॅलन्स करून आलेला. खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी आला. तुमची पाती घराला घासून घर खराब झालं असेल, तर मात्र हा मार्ग बंद. बसेपर्यंत थांबण्याचं मला न पटलेलं कारण हेच: शेवटी घर जातं, तुटलेला तुकडा पुढे गेला तर इंजिनही.

टर्बो बहुतेक वेळा ऑइलमुळेच मरतो, त्यामुळे कोअर बदलून टर्बोला ऑइल पुरवणारा जुनाच पाइप बसवू देऊ नका. आत जळून कोळसा साचलेला असतो. माझ्या पाइपात तार घातली तर ती अर्ध्यावर अडली. पाइप नवा, ऑइल आणि फिल्टर नवे, इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल काढलेलं. ऑइलच्या जोडाला सिलिकॉन पेस्ट नको, तिचा कण आत गेला की वाट बुजते. बसवल्यावर टर्बोत आधी ऑइल ओतून मगच स्टार्ट. हे सगळं उभं राहून करून घ्या, मिस्तरी रागावला तरी चालेल.

माझा अनुभव एकाच गाडीचा आहे. वर्षभरात गाडी विकायचीच असेल, फिरणं धुळे-पारोळ्यापुरतं असेल, ऑइल मोजकंच कमी होत असेल, तर तुम्ही थांबलात तर चूक म्हणणार नाही. पण निळा धूर रोजचा झाला असेल आणि घाट टाळता येत नसेल, तर मी होळीच्या आत काम उरकून घेईन. मी फेब्रुवारीत केलं. मे महिन्यात पायथ्याशी सवयीने थांबलो, डिपस्टिक काढली, ऑइल वरच्या खुणेला होतं. पुन्हा आत घातली आणि तिसऱ्या गिअरवर घाट चढलो.