‘वतन’ या शब्दापासून: अरबी कवितेचा एक वाचनवर्ग

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका छोट्या अभ्यासिकेने घेतलेला आधुनिक अरबी कवितेचा सहा रविवारांचा वाचनवर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क साडेसातशे रुपये असून त्यात छापील टिपणे मिळतात.

वर्गाचे खरे बळ दुसऱ्या रविवारी कळले. वर्ग घेणाऱ्या बाईंनी फळ्यावर ‘वतन’ एवढेच लिहून अर्थ विचारला, तेव्हा पाटीलकी, कुलकर्णी वतन, शाहू महाराजांनी १९१८ साली ते रद्द केले ती हकिकत, अशीच उत्तरे आली. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ मायभूमी असा आहे, एवढेच सांगून त्यांनी पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांची १९६४ची ‘ओळखपत्र’ ही कविता वाचायला घेतली. तिच्यातला माणूस सरकारी अधिकाऱ्यापुढे उभा राहून ‘सज्जिल’, म्हणजे ‘नोंद कर’, असे पुन्हा पुन्हा बजावतो आणि वाडवडिलांचे द्राक्षमळे व कसलेली जमीन हिरावून घेतल्याचे सांगतो. दरवीश यांचे अल-बिरवा हे गाव १९४८ साली, इस्राएलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, उजाड झाले होते, हे ठाऊक असल्यावर त्या नोंदीचे मोल समजते. मला तर आमच्या तलाठी कार्यालयातले टेबल आठवले.

इस्राएलकडून झालेल्या अरब देशांच्या १९६७च्या पराभवानंतर ही अस्वस्थता स्वतःकडेच कशी वळली, हेही बाईंनी नेमकेपणाने दाखवले. प्रेमकवी म्हणून गाजलेल्या निझार कब्बानी यांनी त्या वर्षी राज्यकर्त्यांना आणि अरबांच्या पोकळ वक्तृत्वालाच धारेवर धरले, आणि त्या कवितेमुळे इजिप्तमध्ये त्यांच्यावर बंदी आली.

उणिवा दोन. टिपणांत इराकी कवयित्री नाझिक अल-मलाइका यांच्या १९४७च्या ‘कॉलरा’ या कवितेला सरसकट ‘मुक्तछंद’ म्हटले आहे. त्या रचनेत ओळींची लांबी मोकळी झाली असली तरी गण, म्हणजे लघु-गुरूंचा ठरावीक गट, कायम राहतो, आणि मर्ढेकर वाचलेल्या मराठी वाचकाला हा फरक सहज समजला असता. दुसरी उणीव मला अधिक खटकली: अरब देशांतल्या २०११च्या उठावांना जेमतेम वीस मिनिटे मिळाली. १९३४ साली वारलेले ट्युनिशियाचे कवी अबुल कासिम अश्शाब्बी यांच्या ओळी ट्युनिसच्या रस्त्यांवर पुन्हा घुमल्या, एवढे सांगून वर्ग संपला. सीरियातून परागंदा झालेल्या कवींपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही.

तरीही दिवाळीनंतरच्या तुकडीत मी पुन्हा नाव नोंदवले आहे, आणि शेवटच्या विषयाला दोन रविवार द्यावेत, असे बाईंना लेखी कळवले आहे.