लहान स्केटपार्क, पण जमीन पक्की

स्केटबोर्डाचं चाक जेमतेम ५०-५५ मिलिमीटरचं. हरभऱ्याएवढा खडा आडवा आला तरी ते जागच्या जागी अडतं आणि लेकरू पुढं फेकलं जातं. म्हणून मी आधी जमीन बघतो. माझं आयुष्य गवंडीकामात गेलंय आणि पुतणीला बोर्डाचं वेड लागलंय. आमच्या तालुक्याच्या गावात बाजाराच्या मागं झालेला हा स्केटपार्क नेकीनं बांधलाय.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तर ते उचलतं, तडकतं. इथं काळी काढून मुरूम भरला, थराथरानं पाणी मारून दाबला, जाळी टाकली, मग ओतलं. येता-जाता मी बघत होतो. घोटाई अशी, की तळहाताला कण लागत नाही. जोडावर चाक अडखळत नाही. कमरेएवढा क्वार्टर पाइप, म्हणजे बोर्ड चढवायचा गोलाईदार उतार, आहे आणि त्याची गोलाई एकसारखी उतरलीय. हे काम फार अवघड. ओलं काँक्रीट उतारावर थांबत नाही, खाली घसरतं, साच्याच्या मापानं ओढत ओढत घोटावं लागतं. वरच्या काठाचा लोखंडी पाइप किंचित वर ठेवलाय, तेही बरोबर. मधे एक बुटका ओटा आणि एक रेल, म्हणजे बोर्ड घसरवत न्यायचा दांडा. शिकणाऱ्या लेकरांना एवढं पुष्कळ झालं.

सावली नाही, हे मात्र वाईट. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. दिवस वर आला की त्या काँक्रीटवर हात टेकवत नाही, आणि या खेळात पडताना हात टेकतातच. नळही नाही. नगर परिषदेनं पश्चिमेला कडुलिंब लावावेत, पण अंतर सोडून, पाला जमिनीवर नको.

संध्याकाळी मोठी पोरं सगळी जागा अडवतात, पोरी कडेला उभ्या. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवारला २०१५ साली स्केटपार्क झाला. तिथं पोरींची पाळी आधी, आणि शाळा बुडवली तर बोर्ड नाही, असा नियम केला. आपल्या फाटकावरही तशी पाटी हवी. राखणदार काका भले आहेत, ते पाळून घेतील.

धुळीनं चाकातलं बेअरिंग कुरकुरायला लागलं तर नवा बोर्ड घेऊ नका. बेअरिंगच्या दुकानात ६०८ नंबरचं मागा, एका बोर्डाला आठ लागतात. प्रवेश फुकट आहे. हेल्मेट घरून न्या, तिथं मिळत नाही.