घरबसल्या लायब्ररी: वर्षभर वापरली, पण प्रिंट काही निघत नाही

आमच्या मॅनेजमेंट कॉलेजच्या लायब्ररीचं (नाव लिहीत नाही, अजून दोन सेमिस्टर काढायचेत) रिमोट लॉगिन, म्हणजे लायब्ररीनं घेतलेले लेख-जर्नल्सचे ऑनलाइन साठे (डेटाबेस) घरून उघडायची सोय, ॲडमिशनपासून वापरतोय. दिवसभर मिरजेत पतसंस्थेत नोकरी, जेवणं उरकल्यावर अभ्यास. लायब्ररी सहाला बंद, त्यामुळे माझी लायब्ररी म्हणजे हे लॉगिनच.

परवा सेमिनारच्या आदल्या रात्री नेमका हवा तो लेख सापडला. प्रिंटचं बटणच नाही! डाउनलोडही नाही. स्क्रीनवर वाचायचं आणि गप्प बसायचं. कॉलेजच्या नावानं खडे फोडले. सकाळी ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "अहो, आपल्या हातात काही नाही. त्या अमेरिकन मासिकानं २०१३ पासून त्यांचे गाजलेले ५०० लेख डेटाबेसमध्ये नुसते वाचण्यापुरते ठेवलेत." ठीक, कॉलेजवरचा राग गेला, मासिकावरचा राहिला. पेन्सिलीनं खुणा केल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही हो. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला रुपयाला पान देतो. बारा पानांचे बारा रुपये मी द्यायला तयार, ह्यांची घ्यायची तयारी नाही!

बाकी सोय कोविडातच झाली. मार्च २०२० पर्यंत आमच्याकडचे डेटाबेस फक्त कॉलेजच्या आयपीवर, म्हणजे कॉलेजातल्या इंटरनेटवरूनच उघडायचे. कॉलेजला कुलूप लागलं तशी लाखो रुपये भरून घेतलेली जर्नल्स आत अडकली, मुलं गावाकडे. मग घरून लॉगिनची व्यवस्था झाली. गंमत म्हणजे माझी बहीण कॉमर्स कॉलेजात; तिथं इन्फ्लिबनेट या सरकारी केंद्राचं एन-लिस्ट (कॉलेजांसाठी ऑनलाइन जर्नल्स-पुस्तकं) आहे, ते आधीपासूनच युजर आयडी-पासवर्डवर घरून चालायचं. स्वस्तातलं सरकारी चालू, महागातलं बंद. जेस्टोर या जर्नल-लेखांच्या साइटचंही तसंच: आपलं फुकट खातं काढलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. ही वाढीव मर्यादा कोविडातलीच, अजून आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी आजच काढा.

सहा महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते. मत बदललं ते व्हॉट्सॲपमुळे. लॉकडाऊनमध्ये मॅडमनी विद्यार्थ्यांसाठी एक नंबर सुरू केला, तो बंद केलाच नाही. पुस्तकातलं एखादं प्रकरण हवं असेल तर मोबाइलवर पानं स्कॅन करून पाठवतात. एकदा पानाच्या कडेला त्यांचा अंगठा आला होता, वाचायला अडचण नाही. कंपनीच्या आयपीओचे कागद हवे होते, तर म्हणाल्या, "डेटाबेस कशाला, सेबीच्या साइटवर फुकट आहेत." पैसे वाचवणारा सल्ला लायब्ररीतून मिळेल असं वाटलं नव्हतं.

आणि सांगलीत ऑनलाइन पुस्तकाचं मोल वेगळं सांगायला नको. २०१९ च्या महापुरात नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली.

एक गोष्ट मात्र जिथल्या तिथं: ताळेबंदांचा डेटाबेस आजही लायब्ररीतल्या एकाच कॉम्प्युटरवर, तोही ऑफिसच्या वेळेत. नोकरीवाल्यानं रजा टाकून आकडे काढायचे का? रविवारी चार तास उघडं ठेवा, एवढंच मागणं.

पुढच्या वर्षी रिन्यू करणार का, असं मित्रानं विचारलं. लायब्ररी फी ॲडमिशनच्या पावतीतच कापतात, आपल्याला विचारतंय कोण!