नैराश्यासाठी मेंदूचा स्कॅन : तपासणी नेटकी, अहवाल पोकळ

मेंदूच्या चित्रावरून नैराश्याचे निदान करून देतो, अशी जाहिरात करणाऱ्या एका खासगी केंद्रात मी गेल्या महिन्यात फंक्शनल एमआरआय (मेंदूच्या कोणत्या भागात काम चालू आहे हे दाखवणारा स्कॅन) करून घेतला. तपासणीच्या व्यवस्थेला नाव ठेवायला जागा नाही. अंगावर धातूचे काही नाही ना, हे दोनदा विचारले गेले, कानात बोळे घालून डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल बसवली आणि घाबरल्यास दाबण्यासाठी हातात रबरी फुगा दिला. मग समोरच्या अधिकच्या चिन्हाकडे पाहत, झोप लागू न देता, निपचित पडून राहायचे होते. त्या ठकठकाटात मेंदूची ‘विश्रांत अवस्था’ मोजली जाते, याची मात्र गंमत वाटली.

माझी तक्रार अहवालाबद्दल आहे. त्यात कपाळामागे खोलवर एक लाल डाग आणि त्याखाली ‘नैराश्याशी सुसंगत’ एवढेच शब्द होते. हा लाल रंग मेंदूत नसतो. रक्तातील ऑक्सिजनमुळे संकेतात पडणारा बारीक फरक यंत्र टिपते आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संगणक त्याला रंग देतो. ती मर्यादा माणूसच ठरवतो. २००९ मध्ये संशोधक क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाचा असाच स्कॅन केला, तेव्हा हजारो ठिकाणे एकदम तपासताना निव्वळ योगायोगाने दिसणारे फरक गाळणारी सांख्यिकी दुरुस्ती न केल्यास त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ दिसते, असे आढळले होते. माझ्या बाबतीत मर्यादा कोणती घेतली आणि तुलना कोणाशी केली, असे विचारल्यावर ‘ते सॉफ्टवेअर आपोआप करते’ हे उत्तर मिळाले.

संशोधनासाठी मेंदूची चित्रे मोलाची आहेत, यात वाद नाही. मेंदूविकारतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांनी मुख्यतः पीईटी या दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनच्या आधारे मेंदूतील, मनःस्थितीशी निगडित ‘क्षेत्र २५’ हेरले आणि २००५ मध्ये, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या सहा रुग्णांवर तेथे विद्युत उत्तेजन देऊन पाहिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु शेकडो रुग्णांच्या सरासरीत दिसणारा फरक, उदाहरणार्थ हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचा किंचित कमी आकार, एकट्या माणसात ओळखता येत नाही, कारण निरोगी माणसांचे आकडेही त्याच पट्ट्यात येतात.

माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी ती रंगीत पाने बाजूला सारली आणि गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक व उमेद यांविषयी सविस्तर विचारले. त्यांना उपयोगी वाटलेले एकमेव वाक्य अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होते : ‘गाठ अथवा जुना रक्तस्राव दिसत नाही.’ एवढे तर साध्या एमआरआयनेही सांगितले असते.